यंत्र सांगत होतं सहा

माझी धाकटी मावशी विमानतळावर वारा मोजायची. हे ऐकलं की लोक हसतात. वारा काय मोजायचा, तो काय दूध आहे? पण सरकारी नोकरी होती, पगार होता आणि तिला हेच काम हवं होतं. माणसांशी फार बोलायचं नाही, खोलीत बसून दर अर्ध्या तासाला वाऱ्याची दिशा, वेग, ढग किती, किती लांबचं दिसतं हे लिहायचं आणि वरच्या टॉवरला कळवायचं. भित्र्या माणसाला याहून निवांत काम कुठलं मिळणार, असं तिला परीक्षा देताना वाटलं होतं.

मावशी भित्री होती हे सांगायलाच हवं. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत यायची. लिफ्टमध्ये शिरताना आधी एक पाय ठेवून बघायची. काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, शेवटी घरात नियमच करून टाकला होता की कुठेही निघायचं तर पंधरा मिनिटं आधी निघायचं, म्हणजे दोनदा परत येऊनही वेळेवर पोचता येतं. काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांचा स्वभाव थंड. "तुझ्या मावशीला काळजी करायला काही नसलं की तिला त्याचीच काळजी लागते," असं ते मला सांगायचे, तिच्यासमोरच.

तर अशी ही बाई विमानतळावर रुजू झाली. आठवडाभरातच तिला तिथे घाबरण्यासारखं काहीतरी सापडलं, आणि ते खरंच घाबरण्यासारखं होतं.

विमानतळाला एकच धावपट्टी. तिचं एक टोक समुद्राकडे, दुसरं डोंगराकडे. डोंगराच्या टोकाला पट्टी संपली की शंभर-दीडशे पावलांवर भिंत, भिंतीपलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे चढावर दाटीनं बांधलेली घरं. मावशीच्या खोलीच्या खिडकीतून दोन्ही टोकं दिसायची. तिनं पाहिलं, एक विमान समुद्रावरून आलं, डोंगराकडे तोंड करून उतरलं. बरोबर. पण डोंगराच्या टोकाजवळ दुसरं एक विमान बाजूच्या जागेत उभं होतं. पहिलं बाजूला झाल्यावर ते पट्टीवर आलं, समुद्राकडे तोंड करून धावलं आणि पहिलं जिथून आलं होतं तिकडेच उडालं. म्हणजे एकाच रस्त्यावर एक येतंय आणि एक जातंय, समोरासमोर. तिला वाटलं कोणाची तरी मोठी चूक झाली आणि कोणाच्या लक्षातच आली नाही. संध्याकाळपर्यंत ती चूक चौदा वेळा झाली.

ती टॉवरमध्ये गेली. तिथे मुख्य कंट्रोलर होते, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण नवीन आलेल्या प्रत्येकाला बसवून शिकवायची त्यांना हौस होती. त्यांनी तिला स्टूल दिलं.

"कावळा भिंतीवर कसा बसतो, पाहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे?"

"वाऱ्याकडे तोंड करून. पाठीकडून वारा आला की त्याची पिसं उलटी होतात, तोल जातो. विमानाचंही तसंच. उडताना आणि उतरताना वारा तोंडावर हवा. मग कमी वेगात उचललं जातं, कमी जागेत थांबतं."

"मग दोन्ही विमानांची तोंडं एकाच दिशेला हवीत."

"हवीत ना. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. वारा फिरला की सगळी विमानं मिळून दिशा बदलतात. पण आपल्या उशाला डोंगर आहे. डोंगराकडून उतरायचं तर विमानाला जिना उतरल्यासारखं यावं लागेल, ते त्याला जमत नाही. आणि डोंगराकडे उडायचं तर भरल्या पोटी चढ, त्यात एखादं इंजिन दमलं तर समोर दगड. शिवाय खाली वस्ती, तिच्या डोक्यावर सगळ्यात मोठा आवाज. म्हणून यायचं समुद्रावरून आणि जायचंही समुद्रावरच."

मावशीनं जरा विचार केला. "म्हणजे दोघांपैकी एकाच्या पाठीवर वारा असणारच."

"असणारच. थोडा असेल तर चालवून घेतो. दहा नॉटपर्यंत." विमानतळावर वारा नॉटमध्ये मोजतात. "दहाच्या वर गेला तर उतरू देत नाही. पाठीवर वारा घेऊन विमान उतरलं की ते पुढे तरंगत जातं, टेकतं उशिरा आणि थांबतं त्याहून उशिरा."

"आणि समोरासमोर आली तर?"

"ते मी बघतो. एक उतरून बाजूला झाल्याशिवाय दुसरं हलत नाही. तू फक्त मला खरा वारा सांग."

मास्तरांनी हे तिला धीर द्यायला सांगितलं होतं. ती मात्र घरी येऊन काकांना म्हणाली, "अहो, भिंतीपलीकडे घरं आहेत. मी आकडा चुकीचा सांगितला तर?" काका म्हणाले, "आकडा यंत्र सांगतं ना? तू फक्त वाचतेस." या वाक्यावर तिनं पुढे कित्येक वर्षं काढली.

दुसऱ्या वर्षी एक प्रकार घडला. दुपारी समुद्राच्या टोकाशी तिला काहीतरी गरगर फिरत वर चढताना दिसलं. तिनं टॉवरला फोन करून वावटळ आली म्हणून सांगितलं. मास्तरांनी वीस मिनिटं पट्टी बंद ठेवली, दोन विमानं वर घिरट्या घालत राहिली. जवळ जाऊन पाहिलं तर कचऱ्याच्या ढिगावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या. विमानतळाच्या मॅनेजरनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, "उद्या तुमच्या खिडकीचा पडदा हलला तर विमानतळ बंद करायचा का?" अग्निशमनवाले हसले. त्या दिवसापासून तिचं नाव भागूबाई पडलं. भित्री भागूबाई. पुढे 'भित्री' गळालं आणि भागूबाई राहिलं. नवीन येणाऱ्यांना तेच तिचं खरं नाव वाटायचं.

यानंतर ती दिसलं ते सांगायचं टाळू लागली. यंत्राचा आकडा तेवढा सांगायची. दुर्बीण टेबलाच्या खालच्या खणात गेली.

नऊ वर्षं अशी गेली. आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे, त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि पट्टी अजून ओली होती. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तसा तो सुटायची वेळ झाली होती. समुद्राच्या टोकाजवळ एका खांबावर वाऱ्याचं यंत्र होतं. त्याचा आकडा मावशीच्या पडद्यावर आणि टॉवरच्या पडद्यावर एकदमच दिसायचा. डोंगराकडे दुसरं यंत्र होतं, पण ते डोंगराच्या आडोशाला, त्यामुळे तिथला आकडा नेहमीच गरीब. उतरणाऱ्या विमानासाठी समुद्राकडचा आकडा धरायचा.

दीड वाजता आकडा होता सहा. तिनं लिहिला, कळवला. उतरणाऱ्याच्या पाठीवर सहा, म्हणजे चालण्यासारखा. मग तिनं डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील. वर बघितलं, सहा. आणखी एक घास. सहा. तिला घास गिळवेना. का, ते तिला सांगता येत नव्हतं. तिनं स्वतःलाच दटावलं, की झालं का सुरू तुझं.

तेवढ्यात खिडकीची काच हलली. काच समुद्राच्या बाजूची होती. मावशी उठली, खालच्या खणातून दुर्बीण काढली आणि पट्टीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे यंत्रापासून थोड्या अंतरावर विंडसॉक होता, खांबाला लावलेली ती नारिंगी-पांढरी कापडी नळी. सहा नॉटला ती अर्धवट लोंबते. पंधराला पूर्ण आडवी होते. ती आडवी होती. नुसती आडवी नाही, काठीसारखी ताठ.

पडद्यावर सहा.

दुर्बीण जरा वर गेली तर समुद्रावर एक विमान दिसलं, दिवे लावून सरळ पट्टीकडे येणारं. आणि डोंगराच्या टोकाजवळ दुसरं, प्रवासी भरून, हे उतरून बाजूला होण्याची वाट बघत उभं. त्याच्या मागे भिंत, रस्ता, घरं.

मावशी मला नंतर म्हणाली, "मला त्या वेळी पहिल्यांदा काय आठवलं सांगू? पिशव्या. सगळे कसे हसले होते ते." फोन तिच्या हातात होता आणि बटण दाबवत नव्हतं. तिला वाटलं, यंत्र सरकारनं तपासलेलं आहे, मी कोण? कापड अडकलं असेल. विमान चालवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. असं म्हणता म्हणता विमान मोठं होत होतं. तिनं बटण दाबलं.

"टॉवर," मास्तर म्हणाले.

"समुद्राकडचा वारा सहा नाहीये. पंधराच्या वर आहे."

"माझ्याकडे सहा दिसतोय."

"माझ्याकडेही सहाच दिसतोय. यंत्र खोटं बोलतंय. विंडसॉक ताठ आहे. त्यांना उतरू देऊ नका."

मग मास्तर दुसऱ्या माईकवर बोलले ते तिला फोनमधून ऐकू आलं. त्यांनी वैमानिकाला उतरणं सोडून वर जायला सांगितलं होतं.

आणि मग मावशीच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. उतरणं सोडलं की विमान समोरच जाणार, आणि समोर डोंगर होता. नियम असा होता की चढत चढत पट्टी ओलांडायची आणि डोंगर यायच्या आधी डावीकडे वळायचं. अकरा वर्षांत तिनं हे फक्त दोनदा पाहिलं होतं, तेही लख्ख उन्हात. आज डोंगराचा माथा ढगात होता. पाठीवरचा वारा विमानाला डोंगराकडेच ढकलत होता.

इंजिनांचा आवाज एकदम चढला. खोलीतला पंखा, टेबलावरचा डबा, सगळं थरथरलं. विमान पट्टीवरून, उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावरून, घरांवरून नाक वर करून गेलं. तिला त्याचं पोट दिसलं, आत जाणारी चाकं दिसली. त्याचा पंख जरासा कलला, असं तिला वाटलं. मग ते राखाडी ढगात शिरलं आणि दिसेनासं झालं.

ती जमिनीवर बसली. फोन कानालाच होता. मी मारलं त्यांना, एवढंच तिच्या मनात होतं. उतरू दिलं असतं तर कदाचित उतरलं असतं. नऊ वर्षं गप्प बसले आणि आज तोंड उघडलं. तिनं कान टवकारले, कारण डोंगरावर काही झालं तर आवाज आधी येईल. आवाज येत होता तो फक्त वाऱ्याचा, आणि खिडकीच्या काचेचा.

"वळलं," मास्तर फोनवर म्हणाले. "रडारवर दिसतंय. समुद्राकडे चाललंय."

मावशीनं खिडकीशी जाऊन दुर्बीण समुद्राकडे वळवली.

ते विमान अर्धा तास समुद्रावर फिरलं, वारा उतरेना म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन उतरलं. सत्तर माणसं भलत्या गावी अडकली, फोन सुरू झाले, मॅनेजर तणतणत आला. त्याच्या आधीच मेकॅनिक समुद्राच्या टोकाला जाऊन आला होता. त्यानं मान हलवली. "यंत्र ठीक आहे. आत्ता सतरा दाखवतंय, आणि वाराही सतराच आहे."

मॅनेजर मावशीकडे वळला. "तुम्ही म्हणालात यंत्र बिघडलंय."

"तेव्हा सहा दाखवत होतं."

"तेव्हा वाराच सहा असेल. नंतर वाढला. तुम्ही काय केलंत कळतंय का? ढगात डोंगर असताना भरलेलं विमान वर पाठवलंत. लेखी खुलासा द्या. तीन दिवसांत."

ते तीन दिवस मावशीनं कसे काढले ते मी पाहिलंय, कारण आईनं मला तिच्या सोबतीला पाठवलं होतं. ती जेवायला बसायची आणि ताटात बघत राहायची. कुठे दूर विमानाचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं, आवाज जाईपर्यंत. कागद घेऊन खुलासा लिहायला बसायची, "मला असे दिसले की" एवढं लिहायची आणि फाडायची. तिला खरंच दिसलं होतं का, हेच तिला आता सांगता येईना. नोकरीची तिला फारशी फिकीर नव्हती. विनाकारण सत्तर जणांना डोंगराच्या तोंडी दिलं असेल तर, या विचारानं तिचा जीव अर्धा झाला होता.

दुसऱ्या दिवशी काका पायमशीनचा पट्टा बदलत बसले होते. काम करता करता त्यांनी विचारलं, "मेकॅनिकनं नक्की काय केलं?"

"काही नाही. डबी उघडली, वायर काढून परत लावली, म्हणाला सगळं ठीक आहे."

काकांनी पट्टा खाली ठेवला. "काढून परत लावली?"

"हो."

"आणि तो सहा, तो मधे पाच-सात झाला का? की सहाच होता?"

मावशी थांबली. घास का गिळवत नव्हता ते तिला तेव्हा कळलं. "सहाच होता," ती म्हणाली. "हलतच नव्हता."

"अगं, मग ते मोजतच नव्हतं. खाऱ्या हवेनं वायरीच्या टोकाला गंज धरतो. शेवटचा आकडा तसाच पडद्यावर बसून राहिला असणार. यानं वायर हलवली आणि ते जागं झालं. तुमच्याकडे नोंद राहत असेल ना?"

नोंद राहायची. यंत्राचा प्रत्येक मिनिटाचा आकडा ऑफिसात साठवला जायचा. मावशीनं फक्त तो मागायचा होता. पण ती मागेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. मी म्हटलं, "मावशी, एक कागद तर मागायचा आहे." ती म्हणाली, "आणि त्यात पाच, सात, सहा असं निघालं तर? आत्ता निदान माहीत तरी नाहीये." काका तिच्याबरोबर ऑफिसच्या फाटकापर्यंत गेले आणि ती आत जाईपर्यंत उभे राहिले.

कागद निघाला. एक वाजून बावीस मिनिटांपासून दोन वाजून नऊ मिनिटांपर्यंत सहा, सहा, सहा. दिशेचा आकडाही तोच, एका अंशानं हललेला नाही. वारा कधी इतका सरळ वागतो का? पुढच्याच ओळीत, वायर लावल्याबरोबर, सतरा. मॅनेजरनं त्या ओळींवरून दोनदा बोट फिरवलं.

त्याच दिवशी वैमानिकाचा अहवाल आला. त्यानं लिहिलं होतं की उतरताना विमानाच्या स्वतःच्या यंत्रावर पाठीकडून अठराचा वारा दिसत होता. पण टॉवर सहा म्हणत होता, म्हणून खाली जमिनीजवळ तो कमी झाला असेल असं त्यानं धरलं. वर जायला सांगितलं नसतं तर तो उतरला असता, आणि ओल्या पट्टीवर त्या वेगात थांबला असता असं त्याला वाटत नाही. शेवटचं वाक्य मावशीनं मला वाचायला लावलं, तिच्यानं ते वाचवेना.

मास्तर नंतर एकदा घरी आले होते. काकांनी त्यांना विचारलं, "यंत्र सहा सांगत असताना तुम्ही हिचं कसं ऐकलंत? हिचं तर कोणी ऐकत नाही." मास्तर म्हणाले, "वहिनींचा घाबरलेला आवाज मला अकरा वर्षं पाठ आहे. साधा पाऊस आला तरी यांचा आवाज कापतो. त्या दिवशी कापत नव्हता. एकदम सपाट होता. तो ऐकून माझीच पाचावर धारण बसली."

खुलासा द्यावा लागला नाही. समुद्राच्या टोकाला दुसरं यंत्र बसलं आणि विंडसॉक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आकडा कळवायचा नाही असा लेखी हुकूम निघाला. मॅनेजरनं माफी मागितली नाही, पण पुन्हा कधी भागूबाई म्हणाला नाही. अग्निशमनवाले म्हणत राहिले, आणि त्यातला एक जण रोज तिच्या खोलीत चहा पोचवू लागला.

यानंतर मावशी धीट झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट आधी तिला वाटायचं की आपली भीती खोटी आहे, आता तो आधारही गेला. इंजिनाचा आवाज चढला की ती टेबल धरायची. महिन्याभरात तिनं बदलीचा अर्ज केला आणि आठ महिन्यांनी तिला गावातल्या ऑफिसात जुन्या नोंदी लावायचं काम मिळालं. खिडकी नाही, विमान नाही, वारा नाही. आम्ही म्हटलं, सुटली एकदाची.

तिच्या जागी एक नवीन मुलगी आली होती. मावशी तिला ऑफिसातून फोन करायची. आधी दिवसातून एकदा, मग दुपारी सुटणाऱ्या वाऱ्याच्या वेळी, मग दर अर्ध्या तासाला. आकडा हलतोय का, कापड पाहिलंस का, काचेला हात लावून बघितलास का. तीन-चार महिने त्या मुलीनं सोसलं. शेवटी एकदा ती म्हणाली, "ताई, तुम्ही तिथे बसून घाबरता आणि मी इथे. त्यापेक्षा तुम्हीच इकडे या ना, मी निदान जेवेन तरी."

मावशीनं त्याच दुपारी परत बदलीचा अर्ज लिहिला. काकांनी तो वाचला आणि विचारलं, "तिथे भीती वाटते म्हणून आलीस ना?"

"इथे जास्त वाटते," ती म्हणाली. "इथून काहीच दिसत नाही."

ती परत गेली आणि पुढची नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्याच खिडकीशी बसली. त्या नऊ वर्षांत तिनं आणखी चार वेळा टॉवरला फोन करून विमान थांबवायला सांगितलं. त्यातल्या तीन वेळा काहीच नव्हतं.